कापून नेलेली उडी

अन्याय झाला तो एका पैलवानावर. आणीबाणी उठली त्या वर्षी, दिवाळीच्या आधीच्या सोमवारी, दुपारी बाराच्या मॅटिनीला, कोल्हापुरात, गच्च भरलेल्या थिएटरात. कुणी त्याला हात लावला नाही, शिवी दिली नाही. लोक फक्त हसले. त्या हसण्यानंतर तो माणूस गावाच्या लेखी खोटारडा ठरला आणि आजतागायत खोटारडाच आहे.

मी त्याच्या शेजारच्या खुर्चीत होतो. म्हणून लिहितो आहे.

तेव्हा मी कॉलेज सोडलं होतं आणि पत्रकं काढत होतो. एस.टी.चं भाडं वाढलं, पत्रक. नळाला पाणी नाही, पत्रक. गिरणीतून माणसं काढली, पत्रक. राजारामपुरीतल्या एका छापखान्याचा मालक लग्नपत्रिकांच्या उरलेल्या कागदावर मला छापून द्यायचा, त्यामुळं माझी बरीचशी चीड गुलाबी कागदावर निघाली. तरीही दुपारी बाराला मी मोकळा असायचो. चळवळ सकाळी नाहीतर संध्याकाळी चालते, आणि मॅटिनीला जुने सिनेमे लागायचे.

आमचं चौघांचं टोळकं होतं. थिएटरासमोरच्या चहाच्या गाडीवर आमची बैठक. एक राजारामपुरीतले कापडवाले, त्यांना सगळे मालक म्हणायचे. दुपारचं दुकान भावावर सोपवून यायचे. दुसरे ड्रॉइंगचे मास्तर, सकाळच्या शाळेतून सुटून सरळ थिएटरात. तिसरा मी. आणि चौथा पैलवान, साठीकडं झुकलेला, एका लाकडाच्या वखारीवर रात्रपाळीचा राखणदार. डावा पाय ओढत चालायचा. दोन्ही कान कुस्तीत मोडून गोळा झालेले.

बैठकीचे नियम मास्तरांनी घातलेले. पहिला कप संपेपर्यंत सिनेमाबद्दल कुणी बोलायचं नाही. आणि ज्यानं तो सिनेमा पहिल्यांदा लागला तेव्हा पाहिला असेल, त्यानं सगळ्यांच्या शेवटी बोलायचं. मास्तर म्हणायचे, "त्याला पडदा दिसत नाही. त्याला त्याचं तेव्हाचं वय दिसतं. त्याचं मत आधी ऐकलं तर आपलं बिघडतं." ऐकायला हुशारीचा नियम. पण त्यामुळं पैलवानाची पाळी नेहमी शेवटी यायची, आणि तोवर मालकांना दुकान आठवलेलं असायचं, मास्तरांना सायकल.

त्या पावसाळ्यात आम्ही पुष्कळ जुनं पाहिलं. संताचा एक, तमाशाचा एक, आई खोकून मरते असे तीन-चार. मालक आई खोकायला लागली की उपरणं डोळ्याला लावायचे आणि बाहेर आल्यावर पहिला कप संपायची वाट न बघता म्हणायचे, "असलं आता हुत न्हाय."

मास्तर म्हणायचे, "तेच होतं. त्या महालाचा रंगवलेला पडदा पाहिलात? उजव्या कोपऱ्यात ओल आहे. संताच्या सिनेमात तीच ओल गाभाऱ्यात होती. तमाशाच्या सिनेमात पाटलाच्या माजघरात."

"म्हंजी बाई म्होरं नाचतीया आनि तुमी भिताडाची ओल बगतासा?"

"बाईला सगळे बघतात. ओलीला मी एकटा."

"मास्तर, घरात भांडान हाय काय?"

मी म्हणायचो की या सगळ्या सिनेमांत सावकार शेवटच्या रिळात सुधारतो आणि हात जोडतो, मला कोल्हापुरात असा सुधारलेला एक दाखवा. मालक म्हणायचे, "पुढारी, तुला सिनेमात बी मोर्चा पायजे. जा, पडद्याम्होरं बसून घोषणा दे."

पैलवान मात्र सिनेमाबद्दल असं काही बोलतच नसे. तो गर्दी बघायचा. स्टुडिओवाले लढाईच्या सिनेमाला तालमीतून पोरं न्यायचे, आणि त्यातलं प्रत्येक तोंड त्याला ओळखू यायचं. त्याची पाळी आली की सांगायचा, "त्यो भाला धरून दाराशी उभा हाय न्हवं, त्यो गंगावेशीतला. टीबीनं गेला. राजाच्या मागं छत्री धरलेला, त्यानं विहिरीत उडी घेतली. मशाल घेऊन पळतोय त्यो अजून हाय, पर वळखत न्हाय कुनाला." हे ऐकल्यावर चहा नकोसा व्हायचा. मालक म्हणायचे, "पैलवान, तुमच्यासंगं सिनेमा बगायचा म्हंजी सुतकात बसायचं."

आता उडीबद्दल सांगतो.

कोल्हापूरच्याच एका स्टुडिओनं पंचवीसेक वर्षांपूर्वी काढलेला एक ऐतिहासिक सिनेमा होता. सिनेमाचं नाव कुणी घेत नसे, सगळे त्याला तटाचा सिनेमा म्हणत. त्यात नायक तटावर कोंडला जातो. मागं शत्रू, खाली घोडा. तो तटावरून थेट घोड्याच्या पाठीवर उडी मारतो, पडतो, उठतो, घोड्यावर चढतो आणि जातो. सिनेमा लागला तेव्हा पोस्टरवर छापलं होतं की ही उडी नायकानं स्वतः मारली आहे. लोक ती बघायला आठ-आठ वेळा गेले. बिद्रीकडून बैलगाड्या भरून आलेली माणसं उडी झाली की उठून बाहेर जायची, बाकीचा सिनेमा त्यांना नको असे. नायक पुढं मुंबईला गेला, मोठा झाला, म्हातारा झाला. त्याचा फोटो मालकांच्या दुकानात गल्ल्याच्या वर होता. दुकानाचं उद्घाटन त्यानं केलं होतं.

मालक म्हणायचे, "उडी म्हंजी ती. डुप्लिकेट न्हाय, जाळी न्हाय, काय न्हाय. मर्दाचं काम."

आणि पैलवान, पाळी आली की, कपातल्या चहाकडं बघत म्हणायचा, "ती मी मारलीती."

मालक हसायचे. "आनि संताच्या सिनेमात इमानात बसून गेला त्यो बी तुमीच काय?"

मी त्याला एकदा वखारीवर गाठून सगळं विचारलं. त्यानं सांगितलं ते असं. पन्हाळ्याच्या तटावर शूटिंग होतं. तालमीतून मावळे म्हणून ही पोरं नेलेली. दोन वेळचं जेवण आणि वर दूध. नायकानं तटावरून खाली बघितलं आणि तो मागं सरला. "म्हनला, माझी आई घरात एकली हाय. मग डायरेक्टरनं त्याचा अंगरखा काढला आनि माझ्या अंगावर चढवला. धिप्पाडपना सारखाच हुता. पाठीमागनं घ्यायचं, तोंड दिसायचं न्हाय, असं ठरलं."

त्यानं उडी मारली. घोडा बुजून एक पाऊल सरकला. गुडघा खोगिराच्या कडेवर बसला आणि आत काहीतरी फुटलं. तो पलीकडं पडला, पगडी उडाली. उठला. घोडा नवा होता, त्याच्या पायाला लागलं की काय म्हणून त्यानं वळून बघितलं. कॅमेरा चालूच होता. मग चढला आणि घोडा पळवला.

"दुसऱ्या दिशी क्यामेऱ्यावाला आला घरी. मी आतरुनावर. म्हनला, पैलवान, तुजं तोंड आलंय त्यात. उघडं डोस्कं, ह्यो कान, सगळं. डायरेक्टर म्हनतोय ऱ्हाऊ दे, डोळ्याचं पातं लवतंय तवर जातंय, कुनाच्या ध्यानात येत न्हाय."

"तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"न्हाय. शिनेमा लागला तवा मी जाग्यावरनं उठत नव्हतो. मागनं जत्रंत तंबूत लागलाता तवा गेलतो, तर पाऊस आला आनि तंबूच पडला."

जयसिंगपूरच्या मैदानात त्याची मोठी कुस्ती ठरलेली होती. गुडघा बांधून गेला. कुस्ती लागली आणि संपली. तालमीनं काही दिवस खुराक दिला, मग बंद केला. स्टुडिओनं सांगितलं होतं की बोलायचं नाही, बोललास तर सिनेमा पडेल आणि शेकडो माणसांची चूल विझेल. त्यानं शब्द पाळला. स्टुडिओला टाळं लागेपर्यंत पाळला. त्यानंतर तो बोलायला लागला तेव्हा ऐकणाऱ्यांच्या डोक्यात पोस्टर घट्ट बसलेलं होतं.

त्याला काय हवं होतं हे नीट लिहितो, कारण त्यावरून मागाहून भलतंसलतं बोललं गेलं. त्याला भरपाई नको होती. स्टुडिओच राहिला नव्हता. त्याला एवढंच हवं होतं की ही उडी मी मारली असं म्हटल्यावर समोरच्यानं हसू नये.

त्या दिवाळीत गावानं जुन्या सिनेमा कलावंतांचा सत्कार करायचं ठरवलं. शाल, नारळ, फेटा, भाषणं. मुंबईहून नायक येणार. समिती नेमली गेली. मी पैलवानाला घेऊन समितीच्या अध्यक्षांकडं गेलो. ते वकील होते. बसा म्हणाले, पाणी दिलं.

"पैलवान, तुमच्याबद्दल आदर आहे," ते म्हणाले. "पण असे पुष्कळ येतात. परवा एकजण आला, म्हणाला त्या सिनेमातला घोडा माझ्या वडिलांचा. उद्या घोड्याचाही सत्कार करायचा का?"

मी म्हणालो, "त्याचा चेहरा आहे सिनेमात."

"मग दाखवा. सत्काराच्या निमित्तानं थिएटरवाले तोच सिनेमा लावताहेत. आम्ही दोघं-तिघं येतो. चेहरा दिसला तर व्यासपीठावर पहिली खुर्ची यांची."

मी खूश झालो. पत्रक काढलं. गुलाबी कागदावरच. सोमवारी बाराला या, उडी कुणाची ते डोळ्यांनी पाहा. तालमींत वाटलं, चौकात वाटलं. तालमीतली पोरं आली, मालक आणि मास्तर आले, समितीचे लोक बाल्कनी सोडून आमच्या मागच्या रांगेत येऊन बसले.

पैलवान धुतलेला सदरा आणि फेटा घालून आला होता. मी विचारलं, घरच्यांना आणलं नाही? म्हणाला, "मंडळींनी लई केलंय त्या गुडघ्याचं. आदी मी बगतो. मग हिला दावतो."

सिनेमा सुरू झाला. प्रिंट जुनी, पडद्यावर रेघांचा पाऊस. नेहमीप्रमाणं पैलवान गर्दीतली तोंडं ओळखत होता, पण मोठ्यानं बोलत नव्हता. मध्यंतर झालं. त्यानंतर तट आला. शत्रू जिन्यानं वर येताहेत, नायक मागं मागं सरकतोय. पैलवान उभा राहिला. त्याला कळलंही नसावं की आपण उभे आहोत.

"आता," तो म्हणाला. "आता बगा."

मागून कुणीतरी म्हणालं, "ओ पावणं, खाली बसा की."

पडद्यावर नायकाचं तोंड, मोठं, खाली बघणारं. मग एक खरखर, एक पांढरा झटका. आणि नायक घोड्यावर, लांब, माळावर, पळतोय.

उडी नव्हती. पडणं नव्हतं. काहीच नव्हतं.

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग खालच्या रांगेतून आवाज आला, "उडी कुठं गेली रं?" आणि दुसरा, "पैलवानाच्या खिशात बगा." थिएटर हसलं. शिट्ट्या, बाकांवर थापा. ज्यांना मी पत्रक वाटलं होतं तीच तालमीतली पोरं हसली. पैलवान उभाच होता, पडद्याकडं बघत, घोडा दिसेनासा होईपर्यंत. वकील पुढं वाकले आणि हळू, अगदी सभ्यपणे म्हणाले, "आम्ही चेहरा बघायला आलो होतो. इथं तर उडीच नाही."

ते तिघं उठून गेले. मालक हसत नव्हते, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

खेळ सुटल्यावर मी आणि मास्तर ऑपरेटरच्या खोलीत चढलो. मी भांडायलाच गेलो होतो. ऑपरेटर रीळ गुंडाळत होता. त्यानं ते परत मागं घेतलं, बोटानं चाचपलं आणि जोड दाखवला.

"मी कापली न्हाय," तो म्हणाला. "परवा पेट्या आल्या तवाच अशी हुती. ह्यो जोड बगा, किती जुना हाय. आनि ह्यो एक न्हाय. एकानं चार चित्रं कापली, त्याच्या फुडच्यानं आनि चार. असं करत करत सगळी गेली."

"पण का?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी कोल्हापूरचा नाहीच. "लोक मागायची की. उडीचा तुकडा द्या, उडीचा तुकडा द्या. दाराशी उभी ऱ्हायची. तुमी लहानपनी मागितला न्हाय का कधी कुठला?"

हे मी सांगायला नको, पण नव्या वाचकासाठी सांगतो. आमच्या गावात आवडलेल्या सिनेमाचा तुकडा घरी न्यायची रीत होती. ऑपरेटरच्या ओळखीनं, कधी विडीकाडीवर, चार-सहा चित्रांची फिल्म मिळायची. ती पत्र्याच्या डब्यात, पोथीत, टोपीच्या अस्तरात ठेवायची आणि उन्हात धरून बघायची. जो सिनेमा जास्त आवडे त्याचे लचके जास्त. न आवडलेले सिनेमे आजही सगळेच्या सगळे शाबूत आहेत. तटाचा सिनेमा कोल्हापूरला जिवापाड आवडला होता, म्हणून त्यातली उडी शिल्लक राहिली नाही. दुष्टपणानं कुणी केलं असतं तर मला लढता आलं असतं.

मी दुसरं पत्रक काढलं. ज्यांच्याकडं त्या उडीचे तुकडे असतील त्यांनी चहाच्या गाडीवर आणावेत, बघून परत देऊ. मास्तर म्हणाले होते कुणी येणार नाही. पण लोक आले. कासार आला, शिंपी आला, एक निवृत्त पोस्टमन आला, एक बाई नवऱ्याच्या माघारी त्याचा डबा घेऊन आल्या. मास्तरांनी शाळेतून भिंग आणलं होतं. पैलवान बाकावर बसला होता आणि एकेक तुकडा उन्हात धरत होता.

सगळ्या तुकड्यांत उडीच होती. अंगरखा फुगलेला, पाय पसरलेले, खाली घोड्याची मान. पाठ. पाठ. पाठ. ज्यानं त्यानं तेच मागून घेतलं होतं, हवेतलं. पोस्टमनकडं तर उडीची सलग चित्रं होती, तटापासून खोगिरापर्यंत. पडल्यानंतरचं एकाकडंही नव्हतं.

"पाठ तुमचीच आहे," मास्तर म्हणाले.

"पाठीला कोन वळखतंय, मास्तर."

मालक सकाळपासून गाडीवर होते. कासार डबा घेऊन गेल्यावर ते पैलवानाशेजारी बसले. उपरणं हातात घेऊन पिळत होते.

"माझ्याकडं हुता," ते म्हणाले.

पैलवानानं हातातलं भिंग खाली ठेवलं.

"मी शाळंत हुतो. आमच्या गल्लीत एक ऑपरेटर ऱ्हायचा. त्याच्याकडं उडीचा मागितला तर म्हनला उडी संपली, ह्यो घे उठताना हाय. घरी आनला आनि उन्हात धरला. बगतोय तर भलताच गडी. अंगरखा हिरोचा आनि तोंड दुसरंच. कान असं गोळा झालेलं. मला लई राग आला. वाटलं ऑपरेटरनं फशिवलं, दुसऱ्याच कुटल्या शिनेमाचा दिला. पोरं मिळून तुकडं पेटवायचो आमी. झकास पेटतंय ते, फुर्रर करून. पेटवला."

मी म्हणालो, "मालक, तुम्ही इतकी वर्षं याच बाकावर..."

"मला ध्यानातच नव्हतं रं. परवा थेटरात हे उभं ऱ्हायलं, फेटा सरकला आनि कान दिसला. तवा आठवलं."

मला ते खरं वाटलं. अजून वाटतं. म्हणूनच त्याची चीड जास्त येते.

पैलवान मालकांकडं वळला. मला वाटलं आता हात उचलेल. त्यानं विचारलं, "तोंड कसं हुतं माजं त्यात?"

मालक गोंधळले. "म्हंजी?"

"मी बगितलंच न्हाय की कधी. तुमी बगितलंसा. कसं दिसत हुतं?"

"भ्यालेलं," मालक म्हणाले. "भ्यालेलं हुतं तोंड."

"घोड्याकडं बगत हुतो," पैलवान म्हणाला. "मला वाटलं घोड्याचा पाय गेला."

मग मी मालकांना म्हणालो, चला, आत्ताच वकिलांकडं. तुम्ही पाहिलंय, तुम्ही साक्षीदार आहात. समितीत तुमच्या शब्दाला किंमत आहे, सत्काराच्या शालीसुद्धा तुमच्याच दुकानातून जाणार आहेत. मालक उठले. चपला घातल्या. आणि घातल्यावर तिथंच उभे राहिले.

"हिरो सत्काराच्या दिशी दुकानात येनार हायत," ते म्हणाले. "फोटोम्होरं फोटो काढायचाय. आता मी काय म्हनू तेस्नी? उडी तुमी न्हाय मारलीसा म्हनू?"

"हो. तेच म्हणा."

"पुढारी, तुला दुकान न्हाय."

पैलवान म्हणाला, "सोडा मालक. बसा. च्या घ्या."

सत्कार झाला. नाट्यगृह भरलं होतं. नायक व्यासपीठावर आला तेव्हा लोक उभे राहिले. म्हातारा झाला होता, आवाज मात्र तसाच. तो उडीबद्दल बोलला. तट किती उंच होता, वारा कसा होता, घोडा कसा एक पाऊल सरकला, गुडघ्याला कसा मार बसला. तो घोड्याचं पाऊलसुद्धा सांगत होता. मला वाटत नाही तो तेव्हा खोटं बोलत होता. इतकी वर्षं सांगून सांगून त्याला ते तसंच आठवायला लागलं असावं. त्यानं गुन्हा कमी होत नाही. ज्याचा गुडघा गेला तो माणूस शेवटच्या रांगेत बसला होता, आणि त्याचं दुखणंही दुसऱ्यानं अंगावर घेतलेलं तो ऐकत होता.

मी उठलो आणि ओरडून विचारलं की घोड्यावरून पडल्यावर वळून कुणी बघितलं. दोन स्वयंसेवकांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. दारातून मागं बघितलं तेव्हा मालक व्यासपीठावर शालींचा गठ्ठा घेऊन उभे होते. त्यांनी मान वर केली नाही.

त्यानंतर आमची बैठक मोडली. मालक दुपारचे दुकानातच बसायला लागले. मास्तरांची बदली झाली. मॅटिनीला आता जुने सिनेमे क्वचित लागतात, आणि लागले तरी तटाचा सिनेमा लागत नाही, कारण उडी नसलेला तटाचा सिनेमा कुणाला बघायचा नाही. ती प्रिंट कुठं गेली ते थिएटरवाल्यांना माहीत नाही. चांदी काढायला वितळवली असेल, असं ऑपरेटर म्हणाला.

पैलवान अजून वखारीवर आहे. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे, दुसऱ्यात पिकतो आहे. गल्लीतली पोरं त्याला "ए उडी" म्हणून हाक मारतात आणि पळतात. तो त्यांच्यामागं धावू शकत नाही. मध्यंतरी मी गेलो तेव्हा त्याच्या मंडळींनी मला पाणी दिलं आणि विचारलं, "त्यो तुकडा घावला का वो कुटं?" मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, "मी मानते तेंचं. मी गुडघा बगितलाय. पर माझं कोन ऐकतंय, मी बायकू."

हे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या घरी तसा डबा आहे. मला माहीत आहे, कारण मी कोल्हापुरात वाढलो आहे. तो सिनेमा फक्त इथंच चालला नव्हता, मिरजेपासून निपाणीपर्यंत त्याचे तंबू लागले होते आणि प्रत्येक तंबूला ऑपरेटर होता. प्रिंटी अनेक होत्या. एका गल्लीत एक तुकडा जळला म्हणून सगळे जळले असं होत नाही. तेव्हा उठा आणि माळ्यावरचा डबा खाली काढा. हवेतल्या उडीचा तुकडा बाजूला ठेवा, तो आम्हाला नको. नायकाच्या अंगरख्यात भलताच माणूस दिसतो, उघडं डोकं, गोळा झालेला कान, मान वळलेली, असा एखादा असेल. लहानपणी तो बघून, आपण फसवले गेलो म्हणून तुम्ही वैतागला असाल. तो शोधा. आणि त्या माणसाचा एक डोळा शाबूत आहे तोवर, स्वतःच्या हातानं, वखारीवर त्याला नेऊन द्या.